कारलं न खाता कार्ब्स कमी: नखरेल जिभेच्या डायबेटिसवाल्यांसाठी

मी पोह्यातला कढीपत्ता तर काढतोच, पण कोथिंबिरीचे देठसुद्धा ताटाच्या कडेला लावून ठेवणारा माणूस आहे. वय ४७, घर भांडुपला, ऑफिस फोर्टात. वांगं, दुधी, पडवळ, कारलं, शेपू, घोसाळं यातलं काहीच माझ्या घशाखाली उतरत नाही. आईने लहानपणी मारूनमुटकून बघितलं, बायकोने लग्नानंतर प्रेमाने बघितलं, दोघीही हरल्या. आणि मग टाइप टू डायबेटिस निघाला, एचबीएवनसी, म्हणजे दोनतीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ८.४.

डाएटिशियनने एक छापील चार्ट दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस आणि पालेभाजी, संध्याकाळी स्प्राउट्स, रात्री दुधीचं सूप. चार दिवस नाक दाबून केलं आणि पाचव्या दिवशी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दोन वडापाव हाणले, तेही लसणाची चटणी जास्त मागून. चार्ट चुकीचा होता असं नाही, पण तो दुसऱ्याच कुणासाठी बनवलेला होता. आपल्यासारख्या लोकांनी सुरुवात उलट्या बाजूने करायची असते, म्हणजे काय खायला पाहिजे इथून नाही तर आपण आत्ता आवडीने काय खातो इथून. मी तसं केलं आणि तीन महिन्यांनी ७.३ आला. फार मोठा पराक्रम नाही हा, पण न रडता झाला. कसं केलं ते सांगतो.

आधी गोळ्यांचं बघा, मग ताटाचं

हे कंटाळवाणं वाटेल पण उडी मारून पुढे जाऊ नका, मी गेलो होतो. मी मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड घेतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन, यांना तुम्ही आज पोळ्या कमी खाल्ल्यात हे कळत नाही, त्या शुगर खाली खेचायचं काम करतच राहतात. मी डॉक्टरांना न विचारता उत्साहात दुपारचं जेवण अर्ध्यावर आणलं आणि संध्याकाळी स्लो लोकलमध्ये शीवच्या पुढे हात थरथरायला लागले, दरदरून घाम, डोकं रिकामं, कुर्ला कधी गेलं कळलंच नाही. शेजारच्या एका काकांनी पोरासाठी घेतलेलं आंब्याच्या सरबताचं छोटं पॅक हातात दिलं म्हणून निभावलं.

शुगर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे तीन छोटे चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर, मग १५ मिनिटांनी परत मोजायचं आणि अजून कमीच असेल तर परत तेवढीच घ्यायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. माझ्या बॅगेत आता ग्लुकोजचं पाकीट कायम असतं, ट्रेनचा पास असतो तसंच.

दुसरी जात म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. या चालू असताना कार्ब्स, म्हणजे पोळी, भात, साखर यांतून मिळणारी कर्बोदकं, एकदम फार कमी केले तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन शरीरात साचून रक्त आम्लयुक्त होऊ शकतं आणि गंमत म्हणजे तेव्हा मीटरवर शुगर फार वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर थेट हॉस्पिटल. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धाडकन पडायची भीती फारशी नसते. बीपीची गोळीही वजन उतरायला लागल्यावर कमी करावी लागते कधीकधी. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं हे स्वतः ठरवू नका. डोळ्यांचा पडदा तपासून वर्ष झालं असेल तर तेही आत्ताच उरकून घ्या. डॉक्टरकडे जाऊन एकच वाक्य बोलायचं, "मी जेवणातले कार्ब्स कमी करतोय, गोळ्यांचं काय करू?" स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

तीन दिवस नुसतं लिहा

काही बदलायचं नाही, जे खाता ते खा आणि मोबाइलमध्ये लिहा. चहासकट. माझा एक साधा दिवस असा निघाला: दोन चमचे साखरेचे चार चहा, ५० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. पोह्यांची मोठी डिश, ५०. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ८०. चार वाजता चार मारी बिस्किटं, १७. वडापाव, ४०. रात्री एक पोळी, दोन वाट्या भात आणि वरण, १२०. बेरीज करा, साडेतीनशेच्या वर. आणि मी घरभर सांगत फिरत होतो की मी गोड खातच नाही.

हे आकडे अंदाजाचे आहेत, सोन्याचा काटा लावून मोजायचं नाहीये. लक्षात ठेवायला एवढं पुरे: ३० ग्रॅम पिठाची पोळी म्हणजे साधारण २०, भाताची भरलेली वाटी ४०, एक पाव २० ते २५, साखरेचा चमचा ४ ते ५, मध्यम केळं २५. अंडं, मासे, चिकन जवळपास शून्य, पनीर १०० ग्रॅमला ३-४.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला साधारण लो कार्ब म्हणतात. कीटोवाले २०-५० वर जातात, तिकडे नखरेल माणसाने पहिल्या दिवशी वळूच नये, कारण तिथे आपल्याला चालणारे पदार्थ इतके थोडे उरतात की आठवड्यात पनीर बघून रडू येतं. साडेतीनशेवरून आधी दोनशे, तिथे दोनतीन आठवडे बसायचं, मग जमलं तर पुढे.

लिहिताना दुसरी एक यादी करा, माझ्या मते ही जास्त महत्त्वाची आहे. तीन रकाने: आवडतं, चालतं, मेलो तरी नाही. आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येक नावापुढे कारण लिहा. कारण "नाही आवडत" हे कारण नाही. मी लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला कारलं सोडून एकाही भाजीची चव नकोशी नाहीये. वांगं बुळबुळीत लागतं म्हणून नको, दुधी पाणचट आणि मऊ म्हणून नको, पडवळ बियांमुळे, शेपू वासामुळे. म्हणजे माझं भांडण दाताखाली काय लागतं त्याच्याशी आहे. मला कुरकुरीत आणि कोरडं चालतं. तुमचं उलटं असेल, काहींना दाताखाली काहीच लागलेलं चालत नाही, त्यांनी मिक्सरमधून काढलेल्या पालक पनीरकडे बघावं. काहींना एका घासात चार गोष्टी मिसळलेल्या चालत नाहीत. आपला आजार काय आहे ते आधी कळू द्या, मग उपाय आपोआप सुचतात.

चहा

पहिला बदल इथे, कारण इथे चव सोडून काहीच बदलत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी परत सुरू होते, अनुभव आहे. गुळाचा चहा करून स्वतःला फसवू नका, शुगरला गूळ आणि साखर यात काही फार फरक कळत नाही, मधही तसाच. आलं जरा जास्त ठेचून घातलं, गवती चहा टाकला की साखरेची आठवण कमी येते. आणि चार चहाचे तीन करा जमलं तर.

सकाळचा नाश्ता, फक्त नाश्ता

पहिले दोन आठवडे बाकी दिवस जसा आहे तसा राहू द्या. अंडं चालत असेल तर तुमचं अर्धं काम झालं. दोन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा मिरची भरपूर, पावाशिवाय. पावाशिवाय ऑम्लेट म्हणजे शोकसभेला आल्यासारखं वाटतं हे मला मान्य आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन पावांचा एक करा आणि तिसरं अंडं घाला, मग बघू.

अंडं चालत नसेल तर बेसनाचं धिरडं. ४० ग्रॅम बेसन म्हणजे साधारण २३ ग्रॅम कार्ब्स आणि ८-९ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे पोह्यांच्या निम्मं आणि भूक लवकर लागत नाही. त्यात किसलेला कोबी मूठभर, ओवा, हिरवी मिरची, आणि पातळ पसरवून कडा लाल होईपर्यंत सोडायचं. जाड केलंत तर मधे चिकट राहतं आणि चिकट झालं की आपण संपलो. सोबत दही, गोड नाही.

पोहे कायमचे सोडले नाहीत मी. रविवारी होतात, पण आता अर्धे पोहे, भरपूर शेंगदाणे, कांदा दुप्पट आणि बटाटा गायब.

डबा: पोळ्या कमी करण्याआधी भाजी वाढवा

सगळ्यात जास्त लोक इथे आपटतात. पोळ्या तीनच्या दीड करतात आणि भाजी तेवढीच चिमूटभर, मग चार वाजता भुकेने जीव जातो आणि खापर डाएटवर. आधी भाजी दुप्पट झाली पाहिजे आणि ती तुम्हाला आवडली पाहिजे, तरच पोळी सुटते.

बटाट्याशिवाय मला चालणाऱ्या भाज्या निघाल्या पाच: फ्लॉवर, कोबी, सिमला मिरची, फरसबी आणि भेंडी. पाच पुरतात. "रोज वेगवेगळ्या रंगाच्या भाज्या खा" वगैरे ऐकून घाबरू नका, ते पुढच्या वर्षी.

भेंडी आमच्याकडे भांडणाचा विषय होती कारण तारा सुटल्या की मी ताट सरकवायचो. मग एका रविवारी मीच करायला घेतली. भेंडी आदल्या रात्री धुतली आणि पेपरावर पसरून पंख्याखाली ठेवली. सकाळी एकेक भेंडी फडक्याने पुसली, हो, एकेक, बायको दारात उभी राहून हसत होती. मग जाड काप. लोखंडी कढईत तेल चांगलं तापू दिलं, मोहरी, हिंग, काप टाकले आणि हात आवरला. सारखं ढवळायचं नाही, झाकण अजिबात ठेवायचं नाही, मीठ शेवटी, कारण मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि पाणी सुटलं की बुळबुळ. चिकटपणा दिसला तर दोन आमसुलं किंवा लिंबू पिळायचं. दहा-बारा मिनिटांनी कडा काळपट झाल्या की वर दाण्याचं कूट आणि मीठ. पाव किलो भेंडी मी एकट्याने संपवली त्या दिवशी, पोळी एक.

दुसरी युक्ती आपल्या आज्यांचीच, पीठ पेरून भाजी. सिमला मिरची, कांद्याची पात, कोबी, अगदी मेथीसुद्धा. भाजी तेलावर अर्धी शिजली की वरून दोन चमचे कोरडं बेसन भुरभुरवायचं आणि मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतायचं. दोन माणसांच्या भाजीत १०-१२ ग्रॅम कार्ब्स वाढतात फक्त आणि भाजीचा भाजीपणा बराच झाकला जातो. मेथी मला अशीच पहिल्यांदा गेली.

खाताना क्रम बदला. आधी भाजी, कोशिंबीर, अंडं किंवा मासा यातलं काहीतरी अर्ध्याच्या वर संपवा, मग पोळी-भाताला हात लावा. तेच जेवण, पण या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे आणि यात जिभेला काहीच सोसावं लागत नाही. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं हेही तसंच, ऑफिसच्या गल्लीत दोन चकरा मारल्या तरी मीटरवर दिसतं.

आता भाकरीबद्दल, शिव्या बसतील पण सांगतो. भाकरी लो कार्ब नाही. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, दोन पोळ्यांएवढे. फायबर आहे, पोट भरतं, मान्य, पण "डायबेटिस आहे म्हणून भाकरी खातो" म्हणत तीन भाकऱ्या रिचवणारे माझ्या सोसायटीत चार जण आहेत. ब्राऊन राइस, मल्टिग्रेन आटा यांचंही तेच, थोडा फरक पडतो पण प्रमाण सुटलं की सगळं सारखंच.

भात

मुंबईत राहून, त्यात आमच्यासारखं कोकणातलं मूळ असून, भात सोड म्हणणं म्हणजे घर सोड म्हणण्यासारखं. मी फ्लॉवर किसून त्याचा "भात" करून बघितला. आमटी घालून भात म्हणून खाल्लात तर पहिल्या घासाला फसवलं गेल्यासारखं वाटेल, पण अंडं, मिरी, सोया सॉस टाकून फ्राइड राइससारखा केला तर चालून जातो. रोज मात्र मी खरा भातच खातो, छोट्या आमटीच्या वाटीने एक वाटी, सपाट, डोंगर नाही. आणि त्या जेवणात पोळी नाही. भात-पोळी दोन्ही ही जुनी सवय मोडली तेव्हाच सगळ्यात जास्त फरक पडला.

खाणारे असाल तर मासे हे आपलं नशीब आहे. बांगडा, सुरमई, मांदेली, बोंबील, कार्ब्स नाहीत. फक्त तळताना रवा किंवा तांदळाचं पीठ जाड थापू नका, हळद-तिखट-आगळ लावून नुसता तव्यावर टाका, किंवा अगदी हलका हात रव्याचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग भाव चढतात, तेव्हा अंडी आणि सुका बांगडा, पण सुक्यात मीठ फार, बीपीवाल्यांनी बेताने. शाकाहारी मंडळींना पनीर, टोफू, सोयाच्या सुक्या वड्या. सोयाच्या वड्या रबरासारख्या लागतात ही तक्रार असेल तर उकळून, दोनदा पिळून, मिक्सरला फिरवून खिमा करा. उसळी चांगल्याच, पण त्यातही कार्ब्स आहेत, मटकीच्या उसळीची वाटी २० धरा आणि तेवढी पोळी कमी करा.

संध्याकाळी साडेसहा, प्लॅटफॉर्म

खरी परीक्षा घरी नाही, इथे असते. भूक लागल्यावर विचार करून उपयोग नाही, म्हणून सव्वासहाला ऑफिस सोडायच्या आधी मी काहीतरी खातो: मूठभर खारे शेंगदाणे, ३० ग्रॅमला ५ ग्रॅम कार्ब्स, नाहीतर दोन उकडलेली अंडी, पण एसी ऑफिसात अंडी उघडली की लोक बघतात. फुटाणे चांगले पण मूठभराला १५-१७ होतात. तरीही वडापावच हवा असेल तर वडा दोन, पाव एक, सोबत मिरची. वाटलं तर पुढच्या वेळी पाव अर्धा. नुसत्या वड्यातही बटाटा आहे, १५-२० धरा, पण हरणं आणि सपाटून हरणं यात फरक आहे.

"शुगर फ्री" बिस्किटांपासून सावध. साखर नसेल, मैदा असतोच. पुडक्यामागे कार्बोहायड्रेटची ओळ वाचा, १०० ग्रॅमला ६०-७० दिसेल.

नवीन भाजी कशी आत आणायची

दोनतीन महिन्यांनी पाच भाज्यांचा कंटाळा येतो. तेव्हा आठवड्याला एक नवीन गोष्ट, एकच घास, आवडीच्या जेवणाच्या बाजूला. पूर्ण वाटी वाढून समोर ठेवायला घरच्यांना सक्त मनाई करा. भूक कडकडून लागलेली असताना करा, पाहुणे आलेले असताना नाही. आणि आवडीच्या गोष्टीच्या नात्यातली निवडा: फ्लॉवर चालतो तर पुढे नवलकोल, तोही कोरडा परतून. एकदा नाही आवडलं म्हणजे संपलं नाही, जीभ आठ-दहा वेळा भेटल्यावर ओळख दाखवते.

मीटर तुमच्या बाजूने आहे

रोज दहा वेळा बोट टोचायची गरज नाही. एक जेवण निवडा, खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, आणि लिहा. बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं लक्ष्य देतात, तुमचं तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. मला यातून कळलं की एका पोळीने मला जेवढं चढतं त्याच्या दुप्पट दोन इडल्यांनी चढतं, आणि मी इडलीला हलकं खाणं समजत होतो. तुमचं वेगळं निघेल.

पहिल्या आठवड्यात डोकं जड होणं, थकवा, बद्धकोष्ठ हे होतं. पाणी वाढवा, जवसाची चटणी जेवणात घ्या. शुगर बदलत असताना काही दिवस धूसर दिसू शकतं, लगेच नवा चष्मा करू नका, पण एकदम अंधारी किंवा ठिपके दिसले तर डोळ्यांचा डॉक्टर त्याच दिवशी.

उपवास ही वेगळी गंमत. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, वरईही भातासारखीच. चतुर्थीला मी आता दाण्याची आमटी, काकडीची खमंग कोशिंबीर आणि दही यावर भागवतो, आणि गोळ्या चालू असताना कडक उपवास करत नाही, आईला देवाशी बोलून घ्यायला सांगितलंय. गणपतीत उकडीचा मोदक एक, जेवणात, भाताच्या जागी. दुसरा मागितला तर बायको मीटर आणून ठेवते ताटाशेजारी.

एचबीएवनसी तीन महिन्यांनीच परत करा, आधी करून काही कळत नाही कारण तो दोनतीन महिन्यांची सरासरी दाखवतो. रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे, लिपिड प्रोफाइलसकट, माझी ग्लिमेपिराइड त्याच भेटीत अर्धी झाली.

सध्या माझं पडवळ चालू आहे, बिया काढून, पातळ चकत्या, पीठ पेरून. काल पाचवी वेळ होती. अजून आवडलेलं नाही, पण काल ताटाच्या कडेला काही लावलं नाही.